स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा रिकॉल निघाला तर साताऱ्यात राहून काय काय करायचं

मागच्या महिन्यात पोवई नाक्यावर चहाला थांबलो होतो तर ओळखीतला एक पोरगा भेटला, तोंड एकदम उतरलेलं. सहा महिन्यांपूर्वीच त्यानं सेकंड हँड टू-डोअर घेतलेली, हप्ते चालू, आणि आता कळलं की त्या मॉडेलच्या इंजिनाचा रिकॉल निघालाय. "दादा, इंजिन उघडणार म्हणतायत, गाडीची वाट लागली का?" असं विचारत होता. मी त्याला तासभर बसून सगळं सांगितलं कारण तीन वर्षांपूर्वी मी स्वतः यातून गेलोय, आणि तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं. तेच सगळं इथं लिहून ठेवतोय, ज्यांना पहिल्यांदाच रिकॉल आलाय त्यांच्यासाठी.

आधी मनातली भीती काढा. रिकॉल म्हणजे तुमची गाडी बिघडली असं नाही, तर त्या लॉटमध्ये एखादा पार्ट कमजोर निघाला, म्हणून कंपनी स्वतःच्या खर्चानं तो बदलून देणार. पार्ट फुकट, मजुरी फुकट. तुम्ही पहिले मालक आहात की तिसरे, वॉरंटी संपली का, याच्याशी त्याचा संबंध नसतो, रिकॉल गाडीच्या चॅसी नंबरवर असतो. आपल्याकडे 2012 पासून गाडी कंपन्यांच्या सियाम या संघटनेनं स्वेच्छेचा रिकॉल कोड केला, आणि नंतर 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं सरकारलाच रिकॉल करायला लावायचा अधिकार आला, त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. सरकारनं करायला लावलेल्या रिकॉलला सात वर्षांच्या आतली गाडी ही अट आहे, आणि कंपनीला दंड एक कोटीपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे डीलरकडे जाताना आपण कोणाचे उपकार घ्यायला चाललोय असं वाटून घेऊ नका. काम फुकट आहे म्हणून लोक गप्प बसतात, काही विचारत नाहीत, आणि इथंच फसतात. माझं सगळं सांगणं एवढ्याच भोवती आहे.

आणि हे फक्त स्वस्तातल्या गाड्यांना होतं असंही समजू नका. 2014 साली पोर्शनं त्यांच्या नव्या 911 जीटी3 च्या मालकांना सांगितलं होतं की गाडी चालवू नका, युरोपात दोन गाड्या पेटल्या होत्या. कारण निघालं कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या दांड्याचा, स्क्रू सैल होणं, तो रॉड आतून क्रँककेस म्हणजे इंजिनचं खालचं कवच फोडतो आणि गळालेलं ऑइल पेट घेतं. सगळ्याच्या सगळ्या 785 गाड्यांना नवीन इंजिन बसवून दिलं. आपल्याकडचं बघायचं तर मारुतीनं 2023 च्या एप्रिलमध्ये बलेनो आरएसच्या 7,213 गाड्या परत बोलावल्या, त्यात ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप तपासायचा होता.

चॅसी नंबर घेऊन बसा

पहिलं काम हेच. आरसीवर असतो, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरून दिसतो, नाहीतर ड्रायव्हरचं दार उघडल्यावर पिलरवरच्या स्टिकरवर. 17 अक्षरं-आकडे असतात आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, त्यामुळं तुम्हाला ओ दिसतोय तो शून्य आहे आणि आय दिसतोय तो एक आहे. ही चूक मी केली होती, कंपनीच्या साइटवर शून्याच्या जागी ओ टाकला आणि "नोंद सापडली नाही" आलं, मी आपला खूष की आपल्या गाडीला रिकॉल नाही. आठ दिवस त्या खुशीत गाडी कासला नेऊन आणली. फोटो काढून झूम करून नीट वाचा.

नंबर कंपनीच्या साइटवर टाका, सियामच्या साइटवरून पण त्या त्या कंपनीच्या रिकॉलची माहिती मिळते, आणि तरी डीलरला फोन करून विचाराच. फोनवर "हो आहे" किंवा "नाही" म्हणाले तर तेवढ्यावर थांबू नका, ईमेलवर मागा, चॅसी नंबरसकट. "सर, माझ्या या या गाडीवर पेंडिंग रिकॉल आहे का, असल्यास कॅम्पेन नंबर कळवा" एवढी दोन ओळींची ईमेल पुढं फार कामाला येते. कॅम्पेन नंबर म्हणजे कंपनीनं त्या रिकॉलला दिलेला नंबर.

सेकंड हँडवाल्यांनी नीट ऐका. रिकॉलचं पत्र, मेसेज, फोन हे सगळं कंपनीच्या रेकॉर्डवर जो मालक आहे त्याला जातं. माझ्या गाडीची पत्रं मुंबईत पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर गेली, तो माणूस ते घर सोडून कधीच गेलेला. मला कळलं ते आमच्या मिस्त्रीकडून, तो म्हणाला या मॉडेलचं काहीतरी आलंय बघा. तेव्हा गाडी आरटीओत नावावर झाली की त्याच आठवड्यात डीलरला आरसीची कॉपी पाठवून कंपनीच्या सिस्टीममध्ये तुमचं नाव, मोबाईल, पत्ता घालून घ्या. आरटीओत नाव बदललं म्हणजे कंपनीकडं आपोआप बदलत नाही.

परदेशातून कोणी खासगीत मागवलेली गाडी असेल तर मात्र जास्त खटपट आहे, इथल्या डीलरच्या सिस्टीममध्ये ती दिसेलच असं नाही, त्यामुळं कंपनीच्या भारतातल्या मुख्य ऑफिसला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत मागं लागा.

चालवायची का नाही

रिकॉलच्या मजकुरात दोन प्रकार असतात. एक "सवडीनं घेऊन या" आणि एक "चालवणं थांबवा". दुसरा प्रकार असेल तर गाडी खरंच थांबवा, यवतेश्वरच्या घाटात एक चक्कर मारून येतो, काही होत नाही, असलं करू नका. इंजिनचा दोष सांगून येत नाही. एक साधा हिशोब सांगतो, इंजिन 7000 आरपीएमवर असताना एकेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी, धूर बाहेर सोडणारी झडप) मिनिटाला 3500 वेळा उघडतो-मिटतो, म्हणजे सेकंदाला 58 वेळा, आणि प्रत्येक वेळी त्याला परत बसवणारी ती एक स्प्रिंग. ती स्प्रिंग कमजोर असेल आणि तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येतो आणि चालती गाडी हायवेवर बंद पडते. सुबारू बीआरझेड आणि टोयोटा 86 या जुळ्या गाड्यांचा रिकॉल नेमका याच स्प्रिंगांचा होता, 2018 च्या नोव्हेंबरमधला, सुबारूच्या इतर गाड्या धरून जगभरात 4 लाखांच्या वर. त्या गाड्या आपल्याकडं कंपनीनं विकल्या नाहीत पण त्या रिकॉलमधून शिकण्यासारखं एवढं आहे की पुढं परत सांगणारच आहे.

डीलरला फोन

साताऱ्यात असल्या गाड्यांचं शोरूम नाही, आपल्याला पुणे नाहीतर मुंबई. सांगलीकरांना पण तेच. म्हणून उठून थेट जायचं नाही, 110 किलोमीटर जाऊन "पार्ट आला नाही सर" ऐकायला मिळतं. फोनवर सर्व्हिस ॲडव्हायजरला हे विचारा: माझ्या चॅसी नंबरसाठीचा पार्ट तुमच्या हातात आहे का (ऑर्डर केलाय का असं नाही, हातात आहे का), हे काम तुमच्याकडं आत्तापर्यंत किती गाड्यांचं झालंय, काम करणारा टेक्निशियन कोण आणि त्याचं या इंजिनचं कंपनी ट्रेनिंग झालंय का, किती दिवस लागतील, गाडी न्यायची-आणायची सोय तुमची आहे का.

दुसरा आणि तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आणि "आमच्याकडं तुमचीच पहिली गाडी" असं उत्तर आलं तर दुसऱ्या डीलरला फोन लावा, रिकॉल त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत डीलरकडं करता येतो, गाडी घेतली तिथंच पाहिजे असं काही नाही. चालवू शकत असाल तर आठ-पंधरा दिवस थांबून चांगला हात असलेल्या माणसाकडं द्या, घाई करू नका.

अपॉइंटमेंट मंगळवार-बुधवारची घ्या. सोमवारी वर्कशॉप तुडुंब असतंय, शनिवारी सगळ्यांना गाड्या सोडायची घाई. आणि पाडवा, दसरा, धनत्रयोदशी यांच्या आधीचे आठ दिवस तर सोडूनच द्या, सगळा स्टाफ नव्या गाड्यांच्या डिलिव्हरीत अडकलेला असतो.

गाडी न्यायची कशी

चालवून न्यायची परवानगी असेल तर सकाळी सहाला निघा, आनेवाडी टोल ओलांडून बोगद्यातून पलीकडं, मध्ये कुठं रेटायची नाही, शांत. टाकी पाव भरलेली ठेवा, जास्त नको, कारण इंजिन खाली घ्यायचं तर कमी पेट्रोल बरं.

चालवायची नसेल तर फ्लॅटबेडच मागवा, म्हणजे सपाट पाट्याची, ज्यावर अख्खी गाडी चढते. हुक लावून पुढची चाकं उचलून ओढणारी क्रेन अजिबात नको. आपल्या गाड्यांचं नाक जमिनीला टेकलेलं असतं, त्यामुळं चढवताना बंपर घासतो, मी दोन लाकडी फळ्या घरून काढून दिल्या होत्या त्याच्या रॅम्पखाली उतार कमी करायला, त्या माणसाला पण बरं वाटलं. पट्टे चाकांना बांधायला सांगा, खालच्या सस्पेन्शनच्या दांड्यांना नाही. चढवायच्या आधी चारी बाजूंनी फोटो. आणि पैसे तुम्ही देण्याआधी डीलरला विचारा, "चालवू नका" असं कंपनीच म्हणतेय तर टोइंग त्यांनीच करायला पाहिजे, बहुतेक वेळा विचारलं तरच देतात.

जॉब कार्ड

इथं अर्धा तास जास्त गेला तरी चालेल. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी जमा करताना काम लिहून घेतात त्या कागदावर, कॅम्पेन नंबर लिहिलाय का बघा, नुसतं "जनरल चेकअप" किंवा "इंजिन काम" असं लिहून घेत असतील तर थांबवा. किलोमीटर रीडिंग, पेट्रोलचा काटा, आधीचे ओरखडे, सगळं लिहून घ्या, कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही. इंजिन नंबरचा फोटो काढून ठेवा.

ऑइल, कूलंट, गॅस्केट, फिल्टर यांचे पैसे मागितले तर विचारा की रिकॉलच्या कामासाठीच हे काढावं लागतंय ना, मग ते त्यातच आलं पाहिजे. त्याच वेळी एक शहाणपणाची गोष्ट मात्र करा, इंजिन उघडणारच आहे तर स्पार्क प्लग, बेल्ट, क्लच जुना झाला असेल तर क्लच, हे तुमच्या पैशानं आत्ताच बदलून घ्या. जिथं पोचायलाच सात-आठ तासांची मजुरी लागते तिथं हात आधीच पोचलेला असतो. मी प्लग घातले, क्लच घातला नाही, आणि वर्षभरात क्लचसाठी परत सगळी मजुरी भरली.

गाडीत रिमॅप केलेला असेल, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेलं असेल, किंवा एक्झॉस्ट बदललेला असेल तर लपवू नका. कंपनीचं सॉफ्टवेअर टाकलं की रिमॅप उडून जाऊ शकतो, आणि नंतर वाद घालण्यात अर्थ नाही. यामुळं रिकॉल करणार नाही असं कोणी म्हणालं तर भांडू नका, फक्त "हे कारणासकट लिहून द्या" म्हणा.

इंजिन उघडलं की एकदा जाऊन बघा

वर्कशॉपमध्ये आत सोडत नाहीत असं सांगतील, पण नम्रपणे आधीच सांगून ठेवलं की पाच मिनिटं तरी सोडतात, नाहीतर फोटो-व्हिडिओ मागा. माझ्या गाडीचा रिकॉल टायमिंग चेनच्या टेन्शनरचा, म्हणजे इंजिनमधली चेन ताणून धरणाऱ्या पार्टचा होता. मी गेलो तेव्हा इंजिन स्टँडवर होतं, पुढचं टायमिंग कव्हर काढून बाजूला, बोल्ट सगळे एका पुठ्ठ्यात टोचून ठेवलेले, कव्हरचा आकार पेनानं काढून जिथला बोल्ट तिथंच. ते बघून मला जरा धीर आला. टेक्निशियन पोरगा कामाचा होता, त्यानं मला कव्हरची कड दाखवली, तिथं रबराचं गॅस्केट नसतं, ट्यूबमधलं सीलंट लावतात. जुनं सीलंट प्लास्टिकच्या पातीनं खरवडून, पुसून, मग नवी रेघ ओढायची, शेवईएवढी जाड, सलग, कुठं तुटायला नको. त्याहून जाड लावली की कव्हर आवळल्यावर जास्तीचं सीलंट आतल्या बाजूला फुगून येतं, तुटून ऑइलमध्ये पडतं, आणि ऑइल पंपाच्या तोंडाशी जी जाळी असते तिथं जाऊन बसतं. जाळी बंद म्हणजे ऑइल बंद, आणि ऑइल बंद म्हणजे बेअरिंग गेलं.

मघाशी ज्या स्प्रिंगांच्या रिकॉलचं म्हणालो त्यात हीच तक्रार पुढं आली. त्या गाड्यांचं इंजिन आडवं, बॉक्सर म्हणतात ते, स्प्रिंगा बदलायला अख्खं इंजिन खाली घ्यावं लागतं आणि कव्हरं परत सीलंटनं बसवावी लागतात. रिकॉल झाल्यावर काही गाड्यांची इंजिनं गेली आणि जाळीत सीलंटचे तुकडे सापडल्याचं मालकांनी दाखवलं. म्हणजे पार्ट नवा, चांगला, आणि बसवण्यात चूक. म्हणून ॲडव्हायजरला हे तीन प्रश्न विचारायला लाजू नका: जुनं सीलंट पूर्ण काढलं का, नवीन लावल्यावर वाळायला कंपनीनं सांगितलेला पूर्ण वेळ दिला का, आणि ऑइल-फिल्टर नवीन घातलं का. ज्यानं काम नीट केलंय तो लगेच सांगतो.

गाडी घेताना

दिवसाउजेडी घ्या. इंजिन थंड असताना स्टार्ट तुमच्यासमोर करायला सांगा, गरम करून ठेवलेली गाडी घेऊ नका, कारण पहिल्या पाच सेकंदांत चेनचा किंवा टॅपेटचा आवाज येतो तो थंड असतानाच कळतो. ऑइल लेव्हल, कूलंटची पातळी, खाली वाकून टॉर्च मारून बघा. मग ॲडव्हायजरला शेजारी बसवून दहा किलोमीटर फिरा. काढलेले जुने पार्ट बहुतेक कंपनीला परत पाठवावे लागतात त्यामुळं हातात मिळणार नाहीत, पण फोटो मागा. आणि बिल घ्या. शून्य रुपयाचं असलं तरी बिल घ्याच, त्यावर कॅम्पेन नंबर आणि बदललेल्या पार्टचे नंबर पाहिजेत.

घरी आल्यावर पुठ्ठा

माझं काय झालं ते सांगतो. येताना सगळं छान, शिरवळ गेलं, खंडाळा गेलं, आणि खंबाटकीचा घाट चढताना वरच्या वळणांवर केबिनमध्ये तव्यावर तेल जळाल्यासारखा वास यायला लागला. तापमानाचा काटा जागेवर, कुठलीही लाइट नाही. मला वाटलं नवीन काम आहे, हात लागलेलं ऑइल जळत असेल, आणि असंही होतं, पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये थोडा वास येतो. पण घरी आल्यावर रात्री गाडीखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवला, फ्रिजच्या खोक्याचा, आणि सकाळी त्यावर मधाच्या रंगाचे दोन थेंब, रुपयाएवढे, एकदम टायमिंग कव्हरच्या खाली. शहाबादी फरशीवर असते तर कदाचित दिसले पण नसते.

असं झालं तर काय करायचं: गाडी पुसायची नाही, धुवायची नाही, पुठ्ठ्याचा आणि इंजिनखालचा फोटो वेळेसकट, ऑइल लेव्हलचा फोटो, आणि लगेच ईमेल, मग फोन. चालवून परत न्यायची नाही. मी ईमेलमध्ये एवढंच लिहिलं की काल तुमच्याकडून गाडी घेतली, जॉब कार्ड नंबर हा, गळती या जागेवर आहे, गाडी साताऱ्यात उभी आहे, न्यायची व्यवस्था करा. पहिल्यांदा "तुम्हीच घेऊन या" म्हणाले. मी फोटो परत पाठवून तेच वाक्य परत लिहिलं, आवाज चढवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा फ्लॅटबेड वाढे फाट्यावर येऊन उभा होता. कव्हर परत काढून परत बसवलं, एका कोपऱ्यात रेघ तुटलेली होती, पाच दिवस लागले, पैसे काही नाही. परत आल्यावर पुन्हा पुठ्ठा, तीन रात्री, कोरडा.

पहिले हजार किलोमीटर आरपीएमचा काटा रेडलाइनला, म्हणजे लाल पट्ट्यापर्यंत, नेऊ नका, आणि हजारावर ऑइल-फिल्टर स्वखर्चानं बदला, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. जुनं ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढायला सांगून त्यात रबरासारखे काळे-करडे तुकडे दिसतात का बघा, फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून बघा. चार-पाच तुकडे दिसले तरी गाडी बंद करा आणि डीलरला कळवा.

इंजिन नंबर बदलला असेल तर

काही रिकॉलमध्ये अख्खं इंजिन किंवा खालचा ब्लॉकच बदलतात. मग चॅसी नंबर तोच पण इंजिन नंबर नवा, आणि आरसीवर जुना. हे तसंच ठेवलं तर विकताना, पासिंगला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ॲक्सिडेंटच्या क्लेमला अडकता. डीलरकडून इंजिन बदलल्याचं पत्र आणि नव्या इंजिनचं बिल घेऊन एमएच 11 असेल तर सातारा आरटीओत, कराडची 50 असेल तर तिथं, सांगलीची 10 असेल तर सांगलीत, आरसीवर नोंद करून घ्या. कर्ज असेल तर बँकेला सांगा, आणि इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसीत नंबर बदलून घ्या. हे डीलर आपणहून सांगत नाहीत, पण पत्र द्यायचं काम त्यांचं आहे, गाडी ताब्यात घ्यायच्या आधीच मागा.

टाळाटाळ झाली तर

आधी डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला ईमेल, मग कंपनीच्या कस्टमर केअरला तीच ईमेल पुढं पाठवून. बहुतेक इथंच सुटतं. नाही सुटलं तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर गाडीतल्या दोषाची तक्रार नोंदवायची सोय आहे, ती पण करा, एकाच मॉडेलच्या तक्रारी तिथं साठल्या की सरकार चौकशी लावू शकतं, म्हणजे तुमची एक तक्रार दुसऱ्याच्या पण कामाची. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग, साताऱ्यातच आहे, पुण्याला जायची गरज नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस करता येते. रिकॉल निघायच्या आधीच तुम्ही तोच पार्ट स्वतःच्या पैशानं बदलला असेल तर ते बिल शोधून काढा आणि परताव्यासाठी कंपनीला लिहा, काही कंपन्या देतात.

त्या पोराला मी माझ्याकडचा तो पांढरा पुठ्ठा देऊन टाकला, त्यावरचे दोन डाग अजून आहेत, पण दुसरी बाजू कोरी आहे. त्याची अपॉइंटमेंट पुढच्या बुधवारची आहे.